ओमचं बोरन्हाण

नागपूरहून यवतमाळकडे जाणारी बस फलाटावर लागली, तेव्हाच खिडकीच्या सगळ्या जागा गेल्या होत्या. सात वर्षांची ओवी, मांडीवर तीन वर्षांचा ओम आणि मी, असे आम्ही तिघं दोघांच्या जागेत दाटीवाटीनं बसलो. संक्रांत तोंडावर आली होती. कळंबजवळच्या गावाहून सासूबाईंचा फोन आला होता, "पोराचं बोरन्हाण राहून गेलं व माय. पाच वर्साच्या आत झालं पायजे. घिऊन ये त्याले."

राहून गेलं होतं, कारण ओमची पहिली संक्रांत यायच्या आधीच त्याचे बाबा गेले. त्या घरात मग कोण कोणावर बोरं उधळणार? यंदा मात्र मला हौस होती. लेकराला काळा सदरा घालून पाटावर बसवायचं, ओंजळभर बोरं त्याच्या डोक्यावरून सोडायची आणि पोरांची झुंबड बघायची. ओवीच्या वेळी मी सोडली होती. ओमच्या डोक्यावरही माझीच ओंजळ हवी होती. एवढ्यासाठीच मी रजा काढली.

वर्धा सोडल्यावर शेजारच्या बाईंनी विचारलं, "लेकरायचे बाबा नाही आले काय?"

"नाही."

"सुट्टी नसन भेटली."

"हो," मी म्हणाले. आता त्यांना सुट्टीच सुट्टी आहे, हे चालत्या बसमध्ये कुणाला सांगत बसायचं?

कळंबच्या स्टँडवर आलुबोंडा खाल्ला. ओमनं तर्री (तिखट तवंगाचा रस्सा) अंगावर सांडून घेतली आणि गावात शिरताना माझं पोर भांडून आल्यासारखं दिसत होतं. ऑटो शेतांमधून धडधडत गेला. पऱ्हाटीवर (कपाशीच्या झाडांवर) शेवटचा कापूस लोंबत होता, तुरीची कापणी चालू होती. या रस्त्यावर पूर्वी मोटारसायकलवर मागे बसून यायचे. तेव्हा रस्ता इतका लांब नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी जाऊ संध्या हातात टोपली देत म्हणाली, "धुऱ्यावरची बोरं लय गोड हायत. लेकरायले घिऊन जा, तेवढीच त्यायले मजा." धुरा म्हणजे शेताचा बांध. मला कोण आनंद झाला.

बोरी चांगली दोन पुरुष उंच होती. मी फांदी हलवली की टपटप बोरं पडायची आणि दोघं त्यांच्यावर तुटून पडायची. ओवी लाल बोरं टोपलीत टाकी. ओम टोपलीतली काढून तोंडात टाकी. ओवीनं त्याला पाठीत धपाटा घातला, त्यानं तिच्या झिंज्या ओढल्या, आणि या गडबडीत ओवीचा फ्रॉक काट्यात अडकून टरकला. पलीकडच्या शेतात कापूस वेचणारी तांड्यावरची एक म्हातारी धुऱ्याशी येऊन हसत उभी राहिली.

"कोनाची व तू?"

मी सासऱ्यांचं नाव सांगितलं. तिनं एकदा माझ्या कपाळाकडं पाहिलं, मग गळ्याकडं. हसू तिथंच थांबलं. "वेच, माय, वेच," एवढंच म्हणून ती कापसात परतली. मला कळायला हवं होतं. पण टोपली भरत होती, पोरं खिदळत होती, आणि मी खुळ्यासारखी आणखी फांद्या हलवत होते.

घरी येऊन आम्ही बोरं धुतली, निवडली. अख्खी, लाल बोरं बोरन्हाणाला, किडकी फेकायला, दबलेली गुळात शिजवायला. दुपारी शेजारच्या बाया जमल्या. संध्यानं ओमला हलव्याचे दागिने घातले. मी बोरांचं ताट उचललं, तशी सासूबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"ते संध्याजवळ दे. तू आत ये माह्यासंगं."

"काहून?"

"तुले मालूम नाही काय? सवाष्णीचाच हात लागला पायजे लेकराले."

"बोरं मी वेचली ना, आई."

"वेचली तं वेचली. राग नोको धरू. मी बी आतच बसून राह्यली ना? माह्या पोराचा पोरगा हाय तो. मले पाहावं नाही वाटत काय?"

सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. आम्ही दोघी चुलीपाशी बसलो. त्यांनी गूळ फोडला, मी पातेल्यात बोरं ढवळली. बाहेर फरशीवर बोरांचा सडा पडल्याचा आवाज आला, पोरांचा गलका झाला, आणि त्यात ओमचं रडणं, "आई, आई." मी उठू लागले. "उगी राहीन तो," सासूबाई म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसले. मला त्यांची कीव आली नाही. संताप आला, त्यांचाही आणि माझाही. काट्यात हात घालताना कुणी विचारलं नव्हतं, हात कुणाचा आहे ते.

रात्री जेवताना सगळ्यांनी गुळातल्या बोरांची तारीफ केली. ओवी मला म्हणाली, "आई, तू बाहेर का नाही आली?" मी काही बोलायच्या आधीच संध्यानं तिच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. ओवीनं मान हलवली आणि भात कालवला.

येताना संध्यानं पिशवीभर बोरं बांधून दिली. नागपूरला आल्यावरही मनातून जाईना, तेव्हा रविवारी दार लावून घेतलं. म्हटलं, माझं घर, माझं लेकरू, मला अडवणारं इथं कोण आहे? पाट मांडला, ओमला बसवलं, ओंजळ भरली. ओवी धावत आली आणि तिनं माझी दोन्ही मनगटं धरली.

"आई, तू नको ना टाकू."

"का गं?"

"ओमला पण काही झालं तर? तू आत जा. मी टाकते."

ती रडकुंडीला आली होती. खरंच घाबरली होती माझी पोरगी, माझ्या हातांना. गावात निदान मी चिडले तरी होते. इथं मी बोरं तिच्या ओच्यात ओतली आणि आत गेले.