टेप ओच्यावरून गेला होता

मला नोकरी लागली तेव्हा आईनं पहिला प्रश्न विचारला तो असा, "टेप कशाला दिलाय? शिंपीण केली व्हय तुला?"

तिचं काही चुकलं नव्हतं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. बारामतीला बी.एस्सी. करून मी निमगाव केतकीला घरी बसले होते. पुण्याहून निवृत्त होऊन बारामतीत राहायला आलेल्या एका डॉक्टरांना बायकांची तपासणी करायला एक शिकलेली मुलगी हवी होती. त्यांच्याकडे दोन नवी मशीनं होती. सुई न टोचता, रक्त न काढता ती शिरांचा ताठपणा मोजायची. हृदयातून निघालेला ठोका मानेपासून जांघेपर्यंत किती वेगानं पोचतो, एवढंच बघायचं. शीर मऊ असली की ठोका सावकाश जातो, ताठ झाली की धावत सुटतो. एका मशीनला दोन पट्टे होते, दुसऱ्याला पेन्सिलीसारखी कांडी होती, ती शिरेवर अलगद टेकवायची. वेळ मशीन मोजणार. अंतर मात्र माणसानं मोजायचं, साध्या टेपनं. तो माणूस म्हणजे मी.

"आपण माणसं तपासत नाही," डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "आपण मशीन तपासतोय. एका बाईचा आज जो आकडा आला, तोच आठ दिवसांनी आला पाहिजे, आणि दोन्ही मशीनवर आला पाहिजे. आणि आकडा आवडला नाही म्हणून खोडायचा नाही."

मी मान हलवली. तेव्हा काय जातंय मान हलवायला!

आधी बारामती एमआयडीसीतल्या कामगार बायका झाल्या. त्यांचे आकडे शहाण्यासारखे जुळले. मग खेड्यातल्या बायका हव्यात म्हणून आमच्याच वस्तीतल्या समाजमंदिरात आठवड्यातून एकदा खाट टाकली. मशीनं एसटीतून मांडीवर घेऊन यायचे. कंडक्टर विचारायचा, "बाई, रेडिओ का?" मी म्हणायचे, "हो, बातम्या सांगतो." दर वेळी कोण समजावत बसणार?

तपासणीआधी चहा नाही, मिश्री नाही, आणि दहा मिनिटं गप्प आडवं पडायचं. चहा-मिश्रीचं बायकांनी एकवेळ ऐकलं. आडवं पडायचं म्हटल्यावर मात्र एकेक जण पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"दिवसाढवळ्या आडवी पडू?" आई म्हणाली. "मी काय मेले व्हय?"

ती पडली खरी, पण लगेच उठून बसली. पाय भिंतीवरच्या तसबिरींकडे होत होते. मग खाट फिरवली, मशीनची वायर पुरेना म्हणून टेबल सरकवलं, आणि माझी आई, जिला मी जन्मात दिवसा पाठ टेकलेली पाहिली नव्हती, डोळे सताड उघडे ठेवून आढ्याकडे बघत पडली. वडील गेल्यापासून दुसऱ्यांच्या उसात खुरपणी करून तिनं आम्हा तिघी बहिणींना शिकवलं होतं. तिला आराम माहीतच नव्हता.

तिचा आकडा सगळ्यांत वर आला.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाबही बघितला. तोही चढलेला. "बाई, गोळी चालू आहे का?"

"व्हती की. बरं वाटलं, सोडली."

"तुमच्या शिरा ताठ झाल्यात."

आई उठून बसली. "मग? वाकल्या असत्या तर ह्या तिघी शिकल्या असत्या व्हय?"

समाजमंदिर हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. मला हसू आलं नाही. आदल्याच साली माझ्या मावशीचं अर्धं अंग लुळं पडलं होतं. तिनंही बरं वाटतंय म्हणून गोळी सोडली होती. शेवटपर्यंत आईनंच तिचं सगळं केलं, आणि मी ते रोज बघितलं होतं.

घरी गेल्यावर आमची जुंपली. ती भाकरी थापत होती.

"तूच म्हनलीस ना, मशीन खरं का खोटं ते बघायला आणलंय?"

"हो."

"मग ते खरं हाय हे ठरलं का?"

"अजून नाही."

"मग ठरल्यावर सांग. तवर गोळी न्हाय."

वकिलीण व्हायची बाई खुरपणीला गेली. मावशीचं नाव काढलं तर म्हणाली, "तिचं ती. माझं मी," आणि भाकरी अशी आपटली तव्यावर की विषयच संपला. खरं सांगायचं तर मलाही आतून मशीन खोटं ठरायलाच हवं होतं.

आणि ते ठरायला लागलं! आठ दिवसांनी निमगावच्या बायकांचे आकडे जुळेनात. कुणाचा वर, कुणाचा खाली, आणि दोन्ही मशीनवर तोच गोंधळ. डॉक्टर वहीवरून बोट फिरवत म्हणाले, "बारामतीचे आकडे जुळतात, इथलेच का नाचतात? तुमचा हात कच्चा पडतोय."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आईचाच ताठा माझ्यात उतरलाय, दुसरं काय! मी खाटेशेजारी सतरंजीवर बसले. आई तिथंच नंबर लावून बसली होती. माझं तोंड बघून तिनं कमरेला हात घातला, ओच्यातून चंची काढली आणि म्हणाली, "घे, सुपारी खा. त्यो म्हातारा काय बी बोलतोय."

चंची कसली, गाठोडंच ते. सुपारी, अडकित्ता, मिश्रीची डबी, घराची किल्ली, कुणाच्या तरी बारशाची सुकलेली खारीक. मी त्या चंचीकडे बघतच राहिले. अगं बाई! माझा टेप मानेपासून जांघेपर्यंत जाताना या डोंगरावरून जात होता. नऊवारीच्या निऱ्यांचा जाडजूड ओचा, त्यात खोचलेली चंची. अंतर चार बोटं जास्त भरलं, की ठोका तेवढा जोरात धावला असं मशीन धरून चालणार. एखादी एक दिवस चंची घरी विसरली की आकडा उतरणार. एमआयडीसीतल्या बायका पाचवारीत नाहीतर पंजाबी ड्रेसमध्ये यायच्या, त्यांच्या पोटावर कसला ओचा!

डॉक्टरांना सांगितलं. ते चंची हातात घेऊन किती तरी वेळ बघत होते. "मघाशी बोललो ते मागं घेतो," म्हणाले.

मग सगळं पहिल्यापासून. दाराशी सूप ठेवलं आणि बायकांनी त्यात आपापल्या चंच्या टाकल्या. "माझी खारीक मोजून ठेव गं," म्हणत. टेप अंगावरून न नेता अंगाच्या वर सरळ ताणून धरायचा, असं ठरवलं. एकेकीचा आकडा खाली आला. आठ दिवसांनी पुन्हा घेतला तर तिथंच. दोन्ही मशीनचं एकमेकांशी गुळपीठ जमलं. डॉक्टर खूश होते, आणि मी तर हवेतच. आई शेवटची होती.

तिचा आकडा उतरला. चार बोटांपुरता. आणि मग जिथं थांबला, ते सगळ्यांच्या वरच होतं.

मी दुसऱ्या मशीननं घेतला. तोच. पुन्हा टेप धरला. तोच.

"आता चौथ्यांदा कशाला?" डॉक्टर हळूच म्हणाले.

"माझा हात कच्चा आहे."

"नाही," ते म्हणाले. "आता नाही."

जिच्यासाठी मी चूक शोधली होती, ती एक सोडून बाकी सगळ्यांना त्या चुकीचा उपयोग झाला. मला रडू फुटलं. आई खाटेवरून मान वळवून बघत होती.

"काय झालं गं? समद्यांचं खाली आलं का?"

"हो."

"आन माझंच न्हाय?"

"नाही."

ती उठून बसली. मग म्हणाली, "म्हंजे मशीन लबाड न्हाय. लबाड असतं तर तुझं तोंड बघून तरी माझं थोडं कमी केलं असतं की." आणि हात पुढं केला. "आण गोळी. रडू नगं. तुझ्या मावशीचं करताना मी न्हाय रडले. तुला माझं करायला लावू व्हय?"

डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटं दिली. आईनं सुपातून आपली चंची मागून घेतली, गोळ्या सुपारीशेजारी ठेवल्या आणि चंची ओच्यात खोचली. मला वाटलं आता उठेल. पण ती पुन्हा आडवी झाली आणि तिनं डोळे मिटले.

"धा मिनटं झाली की उठीव," म्हणाली.

मी वायरी गुंडाळल्या, टेप गुंडाळला, तुम्ही शेवटची एसटी गाठा असं डॉक्टरांना खुणेनं सांगितलं. आई घोरायला लागली होती. मी तिला तासभर उठवलं नाही.