सोमवारची पेज

हिंगोलीच्या एका दवाखान्यात, अतिदक्षता विभागाच्या दाराशी, सेनगावकडची एक बाई माझ्या शेजारी बसायची. तिचा नवरा आणि माझे वडील आत शेजारशेजारच्या खाटांवर बेशुद्ध होते. येईल त्याला, अगदी झाडूवाल्यालाही, ती एकच विचारायची, "जेवलात का?" नाही म्हटलं की डबा उघडायची.

नवऱ्याच्या नाकात नळी होती. सिस्टरने शिकवल्यापासून नळीतून पातळ पेज तीच द्यायची. आधी स्वतः चाखायची, फुंकर घालायची, मग "घ्या, मीठ बराबर हाय," असं त्याला सांगत हळूहळू ओतायची. मला ते बघत राहावंसं वाटे. तरी तो माणूस वाळतच चालला होता, आणि डॉक्टरांना कारण सापडत नव्हतं.

परवा दुपारी तिने थर्मासमधली पेलाभर पेज मला दिली. याआधीही दिली होती. अर्धी पिऊन मी सहज विचारलं, "दादांना दिली का?"

"न्हाई. आज सोमवार ना, औंढ्याच्या नागनाथाचा. त्यांचा उपास हाय. वाया काहून घालायची, म्हणून तुमाला दिली."

"मग त्यांना काय दिलं?"

"पाणी. गुरुवार, शनिवारबी धरतात ते. बेशुद्ध मानसाचा उपास आमी काहून मोडावा?"

पेला माझ्या हातात तसाच राहिला. मी सिस्टरला हाक मारून उपासांचं सांगितलं. सिस्टर धावत आत गेली.

बाईने माझ्या पेल्याकडे पाहिलं.

"भाऊ, आधी ते संपवा. गार होऊन राहिलं."