रोवेनाने न ऐकलेले वाक्य

रोवेना काझमारेक सतरा वर्षे आमच्या जिल्हा न्यायालयात लघुलेखिका आहे. ओहायोच्या या सरोवराकाठी घडलेले खून, घटस्फोट आणि कुंपणाच्या हद्दीवरची भांडणे तिच्या बोटांतून उतरली आणि मी ती अभिलेख कक्षात मांडून ठेवली. इतरांचा शब्दही न गाळणारी ही बाई स्वतःविषयी मात्र क्वचितच बोलत असे. त्यामुळे एकेचाळिसाव्या वर्षी तिने वकील व्हायचे ठरवले, तेव्हा बेलीफ अर्लच्या हातातला डोनट कॉफीत पडला.

"अर्ज पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात, आणि तयारी आत्तापासून?" त्याने विचारले.

"लॉ कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गाला जागा चाळीस," ती म्हणाली. "ज्याची फाइल आधी पूर्ण, त्याची आधी वाचतात. थांबणाऱ्याला उरलंसुरलं मिळतं, अर्ल."

चौदा महिने तिचा हा उत्साह आम्हा सगळ्यांनाच लागला. जेवणाच्या सुट्टीत ती प्रवेशपरीक्षेची तर्ककोडी सोडवी आणि अर्ल घड्याळ धरी. पहिल्या वेळचे गुण तिला पटले नाहीत. दुसऱ्या वेळी इतके वाढले की तिने जिन्यातच मला मिठी मारली. आत्मनिवेदनाचे नऊ खर्डे झाले. ऑगस्टच्या अखेरीस एकच गोष्ट उरली होती: न्यायाधीश पेटिबोन यांचे शिफारसपत्र.

हे पत्र वाचण्याचा हक्क उमेदवाराने आधीच सही करून सोडायचा असतो. मोकळेपणाने लिहिलेल्या पत्रालाच वजन मिळते. रोवेनाने ती सही मेमध्येच केली होती. साहेबांनी मात्र "लिहितो, लिहितो" म्हणत उन्हाळा काढला. शुक्रवारी पहाटे ते कॅनडात मासेमारीला निघणार होते, सहा आठवडे, फोन पोहोचत नाही अशा जागी.

गुरुवारी दुपारी त्यांनी तिला दालनात बोलावले. मी फायली घेऊन तिथेच उभा होतो.

"बस. घे लिहून," साहेब डोळे मिटून म्हणाले. "प्रवेश समितीस. माझ्या न्यायालयात आजवर काम केलेल्या माणसांपैकी रोवेना काझमारेक ही एकमेव व्यक्ती आहे, जिने..."

सवयीने तिची बोटे लघुलेखन यंत्रावर धावत होती. आपले नाव उमटल्यावर ती बोटे तव्याचा चटका बसल्यासारखी वर उचलली गेली.

"साहेब, थांबा! हे पत्र मला बघता येत नाही. मी सही केलीय."

साहेबांनी डोळे उघडले. तीस वर्षांत त्यांनी एकही पत्र स्वतः लिहिले नव्हते. सुचे ते बोलत आणि समोरची माणसे टिपून घेत. आपण काय करत होतो हे त्यांच्या आत्ता लक्षात आले.

"मग लिहायचं कोणी?"

"तुम्ही."

"मी?"

तिने टिपलेली ओळ पुसली, यंत्र उचलले आणि बाहेर येऊन दार लावून घेतले. मग तासभर आतून कळफलकाचा आवाज येत राहिला: टक्... टक्. मिनिटाला सव्वादोनशे शब्द टिपणाऱ्या रोवेनाला ते ऐकवेना. ती बाकावरून उठे, बसे, पुन्हा उठे.

"रोवेना! नवी ओळ कशी घ्यायची?" आतून हाक आली.

"मला नका विचारू साहेब! अर्ल, जा ना तू!"

अर्ल आत गेला. साडेचारला तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर भलतीच ऐट होती.

"गेलं पत्र. माझ्यासमोर पाठवलं. आणि ते 'जिने'च्या पुढचं काय आहे, सांगू?"

"अर्ल, तोंड उघडलंस तर प्रवेशपरीक्षा तुला द्यायला लावीन."

"बाई, एवढी मोठी शिक्षा?"

अर्ज घेणे एक सप्टेंबरला सुरू झाले. त्या सकाळी सात वाजता, कामकाज सुरू होण्यापूर्वी, आम्ही तिघे तिच्या संगणकापुढे जमलो. तिने अर्ज धाडला. यादीतल्या एकेका कागदापुढे खूण उमटत गेली. शेवटी पत्रापुढे उमटली आणि खाली शब्द आले: फाइल पूर्ण.

रोवेनाने दोन्ही हात हवेत फेकले. "पहिल्या दिवशी! पहिल्याच दिवशी!"

"आता तरी सांगू?" अर्लने विचारले.

ती हसत आपल्या यंत्रापाशी गेली. "वकील झाले की सांग. तोवर गप्प बस. नऊ वाजता कुंपणाचा खटला आहे."