सुशीलाचं मांडलिक राज्य

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाय. आमच्या ह्यांच्याजवळ नाय, लेकीजवळ नाय. आणि ऐकाल तर हसाल — कॉम्प्युटरवरच्या खेळाची गोष्ट आहे. हसून झालं की पुढचंही ऐका.

सुशीला माझी धाकटी जाऊ. दीर गेले आणि ती लासूर स्टेशनहून इथं हर्सूलला आमच्याकडंच राहायला आली. माझी नात केतकी तेव्हा कॉलेजात. तिचा एक जुन्या राजेरजवाड्यांचा खेळ होता — राज्य सांभाळायचं, तह करायचे, लढायचं. दुपारची जेवणं उरकली की मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसायची. बघता बघता माऊससुद्धा चालवायला लागले. चौथी शिकलेली बाई मी — लई मिरवायचे, खोटं कशाला बोलू?

मग सुशीलाही येऊन बसायला लागली.

एकदा आम्ही डोंगरापलीकडचं एक छोटं राज्य जिंकलं. आता त्याचं करायचं काय? मी म्हणाले, खालसा करून टाक, आपला सुभेदार बसव. सुशीला हळूच म्हणाली, "आक्का, गादीवर त्यालाच राहू द्या की. मांडलिक करा. माणसं त्याची, रीत त्याची. आपण सांभाळायला गेलो तर रोज एक बंड."

केतकीनं तिचं ऐकलं.

आणि जमलं हो. तो मांडलिक दर लढाईला फौज घेऊन हजर. माझ्या सल्ल्यानं खालसा केलेल्या दोन मुलखांत मात्र दंगे थांबेनात. केतकी तिला 'दिवाणजी' म्हणायला लागली. "थांब आजी, दिवाणजी येऊ दे, मग सुरू करू." — माझ्यादेखत. नात माझी, आणि वाट तिची बघायची?

एका दुपारी दोघी बाजारात गेल्या. मी खेळ उघडला. त्या मांडलिकाची खंडणी वाढवत नेली. त्याच्या निष्ठेची हिरवी पट्टी असते ना — ती लाल होईपर्यंत. मग सेव्ह केलं, बंद केलं आणि मेथी निवडत बसले.

रविवारी शत्रू चालून आला, आणि मांडलिक त्याला जाऊन मिळाला. दोन महिने जपलेलं राज्य बुडालं. केतकी रडवेली झाली. "कुणी हात लावला होता का गं?"

"नाय बाई," मी म्हणाले. "परक्याला जवळ केलं की असंच व्हायचं."

खेळात केलं ते एक. पण हे बोलताना मी केतकीकडं बघत नव्हते — सुशीलाकडं बघत होते. आमच्या घरात राहणाऱ्या सुशीलाकडं. मला कळत होतं का, मी काय बोलतेय? व्हय, कळत होतं.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "मला कुठं कळतंय यातलं." आणि चहा ठेवायला उठली. त्यानंतर ती तिथं बसली नाय. केतकीनं हाका मारल्या, तर हिला नेमकं काम निघायचं. मी माझी खुर्ची जरा आणखी पुढं ओढली.

केतकी आता पुण्यात नोकरीला आहे. परवा तिचा व्हिडिओ कॉल आला — नवीन राज्य सुरू केलंय, दोघी सल्ला द्या. फोन सुशीलाच्या हातात होता. ती म्हणाली, "आक्कांना विचार बाई, त्यांनाच कळतं," आणि फोन माझ्याकडं दिला.

मी घेतला. केतकीला विचारलं, शेजारी राज्य कुणाचं आहे?