वेगळे अण्णा आणि मेजाचा वेल

माझ्या सासऱ्यांना अख्खी वारूळवाडी ‘वेगळे अण्णा’ म्हणायची. हे आडनाव नव्हे. घरातल्या प्रत्येक चांगल्या वस्तूतली एक उचलून ते बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, “ही वेगळी.” एक खुर्ची वेगळी, तिच्यावर कुणी बसायचं नाही, चर्चचे पाळकसाहेब आले तरच. एक पातेलं वेगळं. एक टॉवेल वेगळा. नगरहून लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा पहिल्याच सकाळी त्या वेगळ्या पातेल्यात चहा टाकला. अण्णा ओरडले नाहीत. त्यांनी चहा गाळून दुसऱ्या पातेल्यात ओतला, ते पातेलं राखेने घासलं आणि पुन्हा फळीवर पालथं घातलं. ओरडले असते तर परवडलं असतं.

“सूनबाई, पवित्र म्हंजी काय?” त्यांचा हा प्रश्न ठरलेला. उत्तरही त्यांचंच. “वेगळं ठिवलेलं. देवासाटी बाजूला काढलेलं. बास.” रविवारच्या शाळेत मुलांना हेच, शेजाऱ्याला हेच, मला तर उठता-बसता. मी म्हणायचे, “अण्णा, अहो घर आहे का देवळाची कोठी? माणसांनी वापरायचं तरी काय?” ते हसायचे आणि काहीतरी आणखी एक वस्तू फळीवर चढवायचे. आमचे हे चाकणला कंपनीत. आठवड्याला एकदा घरी यायचे आणि म्हणायचे, “जाऊ दे ना, म्हातारं माणूस आहे.” त्यांचं काय जातंय म्हणायला! दिवसभर त्या फळीखाली मी वावरत होते.

या सगळ्याचा मुकुटमणी म्हणजे मेजाचा वेल. न्हाणीच्या मागे, शेजारच्या बाळूभाऊंच्या बांधाला लागून, लोखंडी अँगलवर चढवलेला बियांच्या काळ्या द्राक्षांचा जुना वेल. चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. त्या मेजावर प्याल्यात जो रस द्यायचा, तो या वेलाचा. अण्णा द्राक्षं वाळवून काळे मनुके करायचे, चिनी मातीच्या बरणीत भरायचे आणि आदल्या दिवशी संध्याकाळी भिजवून, उकळून, पांढऱ्या फडक्यातून गाळून रस काढायचे. अख्ख्या नारायणगावात द्राक्षांना तोटा नाही, पण मेजावर दुसरं द्राक्ष चालायचं नाही. त्या वेलाचा एक मणी घरातल्या कुणी तोंडात टाकायचा नाही.

मला दिवस गेले होते तेव्हाची गोष्ट. कपडे धुताना डोक्यावर ते काळे घोस लोंबत होते आणि माझ्या तोंडाला नुसतं पाणी. मी म्हटलं, “अण्णा, एकच घड द्या हो. देवबाप काही रागावायचा नाही.” अण्णा विचारात पडले. मग सायकल काढून भर उन्हात नारायणगावला गेले आणि दोन किलो द्राक्षं घेऊन घामाघूम होऊन परत आले. “खा. लई गोड हायेत.” आता या माणसावर चिडायचं की याच्या पाया पडायचं? मी चिडले, आणि सगळी द्राक्षं खाल्ली.

वेलाला औषधाचा थेंब लागू द्यायचे नाहीत ते. “प्रभूच्या मेजावर जानारी वस्तू. तिच्यावर ईख मारायचं व्हय?” पाऊसपाणी वेळेवर होतं तोवर हे खपून गेलं. बांधापलीकडे बाळूभाऊंची द्राक्षबाग होती. ते आणि त्यांची बायको शोभाताई आमचे पिढीजात शेजारी. पाणी त्यांच्या बोअरचं, दळण एकत्र, माझ्या बाळंतपणात रात्रीअपरात्री धावली ती शोभाताईच.

मग ते वर्ष आलं. छाटणी होऊन बागांना कोवळे फुटवे आलेले, घड दिसायला लागलेले, आणि दिवाळीच्या तोंडावर पाऊस जो बसला तो उठेना. अशा ओलीत डाऊनी येतो. पानाखाली पांढरी बुरशी धरते आणि बघता बघता कोवळे घड जळून जातात. बाळूभाऊंचं सगळं वर्ष त्या घडांवर होतं. आणि आमच्या मेजाच्या वेलाची पानं खालून पांढरीफटक पडलेली, बांधावरून कुणालाही दिसत होती.

बाळूभाऊ आले. अंगणात उभ्या उभ्याच बोलले. “अण्णा, एक फवारा मारू द्या. पाईप माझा, औषध माझं. तुमी निस्तं हो म्हना.”

“बाळू, तो येल माजा न्हाई. देऊन टाकलेला हाय.”

“तुमचा देव मोठा हाय, मी कुटं नाय म्हनतो? पन डाऊनीला काय कळतंय, कुनाचा येल कुनाचा!”

अण्णांनी नकाराची मान हलवली. बाळूभाऊंचा पारा चढला. “तुमच्या देवाचा येल माज्या पोरांच्या तोंडचा घास खातोय, अण्णा,” असं म्हणून ते निघून गेले. शोभाताई बांधावर उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. ते मला फार लागलं. मी त्या दिवशी अण्णांना नाही नाही ते बोलले. “एवढं सोवळं पाळायचं होतं तर आपण चर्चात कशाला जातो? जगाला हात लावायचा नाही, शेजाऱ्याला हात द्यायचा नाही, आणि म्हणे पवित्र! फळीवरच जाऊन बसा तुम्हीसुद्धा!” अण्णा उठून बाहेर गेले. जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

दोन दिवसांनी पहिला रविवार होता. अण्णांनी ट्रंकेतून मेजाचा सदरा काढला. हो, सदराही वेगळा! पांढराशुभ्र, डांबराच्या गोळ्यांत ठेवलेला, फक्त प्रभुभोजनाच्या दिवशी घालायचा. तो धुवायचं, नीळ घालायचं, इस्त्री करायचं काम अर्थात माझं. अण्णा मंडळीचे वडील, म्हणजे चर्चच्या कारभारातले ज्येष्ठ; प्याल्यांचा ट्रे बाकाबाकांवरून फिरवायचा मान त्यांचा.

पाळकसाहेब दर वेळी म्हणतात तसं म्हणाले, कुणाच्या मनात कुणाविषयी काही असेल तर आधी ते निस्तरा, मग मेजापाशी या. आम्ही दर वेळी ऐकतो तसं ऐकलं. अण्णांनी ट्रे उचलला. पहिल्या बाकापर्यंत आले आणि थांबले. सगळे माना खाली घालून बसलेले. कुणाला वाटलं प्रार्थना करताहेत. मग त्यांनी वळून ट्रे मेजावर परत ठेवला, त्यावर फडकं झाकलं, आणि मधल्या वाटेने सरळ बाहेर चालते झाले. पेटीवाल्याचा हातच थांबला. पाळकबाई माझ्याकडे बघायला लागल्या. असं वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. मी चपला हातात घेऊन चिखलातून त्यांच्या मागे पळाले. “अण्णा! अहो अण्णा! काय हा तमाशा?” वळूनसुद्धा बघितलं नाही म्हाताऱ्याने.

घरी येऊन त्यांनी आरी घेतली आणि वेल बुडाशी कापायला सुरुवात केली. मी हात धरला तर म्हणाले, “बाजूला सर, लागंल तुला.” मनगटाएवढं खोड, वेळ लागला. मग सगळा पाला मांडवावरून ओढून काढला आणि रॉकेल टाकून पेटवला. ओला पाला, नुसता धूर. त्या धुरात ते खोकत उभे. सदरा तसाच अंगात.

पलीकडे बाळूभाऊ आणि शोभाताई दोघंच बागेत होते. ओलीत ट्रॅक्टर आत जाईना आणि मजूर दिवाळीला गावी गेलेले. मोरचुदाचं निळं औषध हातपंपाने मारायचं म्हणजे एकाने नळीने फवारायचं, एकाने पंप हाणायचा आणि एकाने मागे लांबलचक पाईप ओढायचा. तिसरं माणूस नव्हतं. अण्णा बांध ओलांडून गेले.

“येल तोडला,” ते म्हणाले.

“आता तोडून काय व्हनार, अण्णा? पसरायचं ते पसरलं.” बाळूभाऊंनी वर पाहिलंसुद्धा नाही.

अण्णांनी चिखलातला पाईप खांद्यावर घेतला. “चल. म्होरं हो.”

मी बांधावरून ओरडले, “अण्णा, सदरा तरी बदला!” कोण ऐकतंय! शेवटी मीही पदर खोचला आणि शोभाताईच्या हातून पंप घेतला. ती माझ्याशी बोलली नाही, पण पंप मात्र दिला. अंधार पडेस्तोवर आम्ही चौघं त्या बागेत होतो.

बांधाजवळच्या ओळी गेल्याच. बाकीची बाग वाचली. पुढे बाळूभाऊ स्वतः आले, चहाचा कप हातात फिरवत म्हणाले, “अण्णा, तुमच्या येलानं काय न्हवतं झालं. पार आळे गावापतूर समद्यांच्या बागंत तवाच आलं व्हतं. मी उगाच बोललो.”

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. ते गेल्यावर मी म्हटलं, “ऐकलंत? फुकट तोडलात वेल!”

“त्याच्या मनात व्हतं ना,” अण्णा म्हणाले.

“मग इतकी वर्षं तो वेगळा ठेवला कशाला? मला डोहाळ्यात एक घड दिला नाहीत!”

“सनाचं पातेलं तूबी वेगळं ठिवतीस, ते काय बघाय? पावनं आलं की काढतीसच न्हवं?”

“काढते! तोडून टाकत नाही!”

यावर अण्णा कप विसळायला उठले. हीच तर त्यांची खोड होती. आपण चूक होतो असं ते एकदाही म्हणाले नाहीत, बरोबर होतो असंही नाही. मला कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं होतं हो, की देवाचं म्हणून राखलेलं माणसासाठी मोडलं, तर ते विटाळलं की पुरं झालं? पाळकसाहेबांना विचारलं तर त्यांनी सांगितलं, पुढच्या सभेत चर्चा करू. सभेत चर्चा झाली ती अण्णा ट्रे टाकून गेले याची.

सदऱ्याचे निळे डाग काही निघाले नाहीत. मी लिंबू लावलं, सोडा लावला, उन्हात वाळवला, शिव्या घातल्या. अण्णांनी तोच सदरा घडी करून पुन्हा ट्रंकेत ठेवला आणि पुढच्या प्रभुभोजनाला तोच घातला. “नीळ जास्त झाली का गं?” चर्चमधल्या बायका मला विचारायच्या. मी नवीन कापड आणलं, सदरा शिवून घेतला, समोर ठेवला. तो त्यांनी बाळूभाऊंच्या सालगड्याला देऊन टाकला. मेजावरचा रस आता बाळूभाऊंच्या बागेतल्या द्राक्षांचा. हंगामात क्रेट यायचा, अण्णा धुवायचे, वाळवायचे, बरणीत भरायचे. औषध मारलेली द्राक्षं! आता बोलून उपयोग काय.

अण्णा गेल्या हिवाळ्यात गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास नाही. बाळूभाऊ पहाटेपासून ओट्यावर डोकं धरून बसलेले. आमच्या ह्यांनी नारायणगावहून नवा कोरा पांढरा सदरा आणला होता. मी ट्रंक उघडून जुना काढला, तेव्हा पाळकसाहेब हळूच म्हणाले, “बाई, लोक येतील दर्शनाला. हे डाग बरे दिसत नाहीत. नवाच घालू या.”

“नवा नको,” मी म्हटलं. “हाच घाला. हा वेगळा ठेवलाय.”

ज्या शब्दाने या माणसाने जन्मभर माझं डोकं उठवलं, तो माझ्याच तोंडून निघाला होता, आणि ऐकायला तेवढे अण्णाच नव्हते.