अण्णांनी तपासलेली उस्मानाबादची गल्ली

मागच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. धाराशिवला बदली झालीय, खोली बघायला जायचंय, आणि ही पोरगी इंटरनेटवर तिथल्या गुन्ह्यांचे आकडे शोधत बसलीय. मला हसूच आलं. चाळीसेक वर्षांपूर्वी, गाव उस्मानाबाद होतं तेव्हा, मीही याच कामासाठी तिथं गेले होते. माझ्यासोबत आकडे नव्हते, अण्णा होते.

अण्णा म्हणजे माझे वडील, निवृत्त हवालदार. मला तिथल्या एका सहकारी दूध संस्थेत टायपिस्टची नोकरी लागली होती, बुधवारी हजर व्हायचं होतं. अण्णांची अट एकच: आधी मी गल्ली तपासणार. गल्ली नापास तर नोकरीही नापास. तीन ठिकाणचे नकार पचवून मिळालेली नोकरी ती. शनिवारी सोलापूरच्या स्टँडवर आम्ही दोघं लाल डब्यात चढलो.

आता हा रस्ता गुळगुळीत आणि रुंद आहे, तेव्हा खड्डे चुकवत एसटी रांगायची. त्यात दुष्काळाचं साल. दोन्ही बाजूंना नुसती करडी ढेकळं. तामलवाडीला गाडीचं इंजिन तापलं. ड्रायव्हरनं हॉटेलवाल्याकडं पाणी मागितलं, तर तो म्हणाला, "च्या पाजतो की दोन कप. पान्याचं नाव काढू नका." शेवटी अर्धा डबा दिलाच त्यानं, पण चेहरा जमीन विकल्यासारखा. घाट चढून तुळजापूर गाठलं, देवीला बाहेरूनच हात जोडले आणि झाडाखाली बसून आईनं दिलेली कडक भाकरी अन् शेंगाची चटणी खाल्ली. प्रवासात हिच्यासारखं दुसरं जेवण नाही. दोन दिवस टिकते आणि फुकट पडते. तिथनं दुसरी एसटी, तासाभरात उस्मानाबाद.

खोली सोनाबाईंच्या घरात होती. नवरा जिल्हा परिषदेत शिपाई, स्वतः खमक्या. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, दारात तुळतुळीत सारवण, भाडं साठ रुपये. मला पाहताक्षणीच आवडली. अण्णा मात्र हात मागं बांधून गल्लीभर फिरून आले आणि भुवया चढवून उभे राहिले.

"घरांची दारं सताड उघडी," ते म्हणाले, "आणि पाण्याच्या पिंपांना साखळी-कुलूप. हा काय प्रकार?"

"मंग काय करावं, सायेब?" सोनाबाई म्हणाल्या. "भांडं नेलं तर वळखू येतंय. पानी वळखू येतंय व्हय?"

अण्णांना हे पटलं नाही. जिथं पाणी चोरतात तिथं काय सोडतात, असा त्यांचा सरळ हिशेब. स्टँडजवळच्या लॉजवर जाताना ते एवढंच म्हणाले, "अवघड आहे." अण्णांचं 'अवघड' म्हणजे 'नाही'चाच भाऊ.

रविवारी सकाळी जाग आली तर अण्णांची खाट रिकामी. नोकरीची सवय, पहाटेच गस्तीला निघाले असणार. मी आवरून गल्लीत पोचले, तर सोनाबाईंच्या ओट्यावर घागरींचा ढीग आणि त्याच्यापुढं घामाघूम अण्णा.

झालं होतं असं. चौकात टँकर थांबायचा, तिथं त्यांना पंधरावीस घागरी, हंडे, कळशा ओळीनं दिसल्या. चांगली तांब्या-पितळेची भांडी, आणि जवळ चिटपाखरू नाही. हवालदाराच्या डोळ्यांना तो बेवारस माल दिसला. चोरानं नेण्याआधी त्यांनी एकेक उचलून ओट्यावर सुरक्षित आणून ठेवला. मधे काही दगड आणि एक तुटकी चप्पल होती, ती पायानं बाजूला सारली.

तो माल बेवारस नव्हता, ते नंबर होते. आदल्या संध्याकाळीच बाया भांडं ठेवून जायच्या आणि टँकर येईपर्यंत घरी कामं उरकायच्या. दगड ज्यांच्याकडं जादा भांडं नाही त्यांचे. चप्पल एका म्हातारीची.

समोर दस्तगीरचाचांचं शिंपीकामाचं दुकान होतं. त्यांनी तिसरी घागर उचलतानाच पाहिलं आणि सोनाबाईंना हाळी दिली होती, "परका मानूस घागरी उचलायलाय बगा." पाच मिनिटांत गल्ली गोळा. अण्णा सांगू लागले, "अहो, मी पोलीस आहे." एक बाई म्हणाली, "असताल. आमचा नंबर कुठं गेला ते सांगा."

मी शरमेनं लाल झाले. वाटलं, खोली गेली, नोकरी गेली. पण मग जे झालं ते बघत राहावं असं होतं. बायांनी एकेक भांडं उचललं आणि ओळ परत लावायला घेतली. "ह्ये पोचा पडलेलं शिंपिनीचं. त्याच्या म्होरं माझी कळशी. त्याच्या म्होरं म्हातारीची चप्पल." कुणाची वस्तू कुणाच्या मागं, हे अख्ख्या गल्लीला पाठ. दोन दगडांवरून थोडी कुरबूर झाली, तीही चाचांनी मिटवली.

"आन् तुमाला शिक्षा," सोनाबाई अण्णांना म्हणाल्या. "टँकर येस्तोवर हितंच हुबं ऱ्हायचं. कुनी मधी घुसलं तर तुमी जबाबदार."

अण्णा उभे राहिले. दुपारी बारापर्यंत. पहिला तास ओशाळलेले, मग हळूहळू ताठ झाले. टँकर आला तेव्हा एकही थेंब वाया न जाता, कुणाचाही आवाज न चढता ओळ सरकली. चाचांनी त्यांना स्टूल दिलं, कुणी ताक दिलं, कुणी गूळ. म्हातारीचा हंडा त्यांनीच घरी पोचवला. निघताना स्टँडवर गुलाबजाम खाल्ले. गावात गेलात तर चुकवू नका. पण खोलीबद्दल एक अक्षर नाही. सोलापूरपर्यंत मी मनातल्या मनात पुढच्या नोकरीचा अर्ज लिहीत बसले.

घरी आईनं दार उघडताच विचारलं, "गल्ली कशी आहे? चोऱ्यामाऱ्या?"

"मी होतो तेवढ्यात एक झाली," अण्णा म्हणाले. "पाच मिनिटांत चोर सापडला. सगळा माल जागच्या जागी."

"अगबाई. कोण होता?"

"मीच."

मग त्यांनी सगळं सांगितलं, हातवारे करून, दोनदा. शेवटी आई म्हणाली, "म्हणजे पाठवायची ना हिला?"

"पाठवायची. फक्त कुणाच्या घागरीला हात लावू नकोस म्हणावं."

मी त्या गल्लीत सहा वर्षं राहिले. भाचीला मी एवढंच सांगितलं, की आकडे नंतर बघ, आधी गल्लीतली एखादी वस्तू हलवून बघ. अण्णांनी आयुष्यभर लोकांना पकडलं; स्वतः पकडला जाऊन इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.