कट झाल्यावरचं हसू

भीमराज ओव्हाळ हा माणूस बळवंत वैतींना किती माहीत होता? खरं सांगायचं तर फार थोडा. विक्रोळीच्या म्हाडाच्या इमारतीत दोघं वर्षानुवर्षं वरखाली राहिले, रोज सकाळी गेटजवळच्या बाकावर शेजारी बसले. पण त्याचे वडील जालन्याहून मुंबईला कशासाठी आले, त्याला गोड आवडायचं की तिखट, एकटा असला की तो कशाचा विचार करायचा, यातलं काही विचारलं असतं तर बळवंतरावांना सांगता आलं नसतं. भीमराज गेल्यावर विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तिथं कुणीतरी म्हणालं, "वैतीकाकांनी दोन शब्द बोलावेत, रोजची बैठक होती त्यांची." बळवंतराव उठले, माइकपुढे उभे राहिले, "माणूस चांगला होता" एवढं कसंबसं म्हणाले आणि घाम पुसत खाली बसले. सांगण्याजोगं जे होतं ते राहूनच गेलं.

बळवंतराव मूळचे माहुलचे कोळी. तरुणपणीच होडी सोडून ते विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं, आणि बाहेर बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. आपण काही बोललो तर ते चुकेल, ही धास्ती त्यांना जन्मभर होती. भीमराजपाशी मात्र ती थोडी सैल पडायची, कारण तो स्वतःच दोघांच्या वाटणीचं बोलायचा.

भीमराज सिनेमात काम करायचा. मढ्याचं. सुरुवातीला गर्दीतला माणूस म्हणून भरती झाला होता. एकदा कुणीतरी त्याला रस्त्यावर मरून पडायला सांगितलं, आणि तो असा पडला की पुढे सगळे त्याला त्याच कामासाठी बोलवू लागले. पोट हलू न देता श्वास घ्यायचा, पापणी लवू द्यायची नाही, नाकावर माशी बसली तरी नाक हलवायचं नाही, हे त्याला साधलं होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता.

"दादा, आपल्याला डायलॉग नाही, टेन्शन नाही," तो म्हणायचा. "हिरो दहा वेळा चुकतो. मी एकदा मेलो की मेलो."

"आमच्या माहुलला असतास," बळवंतराव म्हणायचे, "तर बायकांनी तुला पाटीत घालून बाजारात नेला असता. आणि गिऱ्हाईक म्हणालं असतं, शिळा दिसतोय."

"मग बर्फ मारायचा की माझ्यावर!" असं म्हणून भीमराज मांडीवर थाप मारून हसायचा.

त्याच्या कामात एक रीत होती. तीही त्यानंच बाकावर सांगितलेली. प्रेताचा शॉट झाला, दिग्दर्शकानं कट म्हटलं, तरी कॅमेरा लगेच बंद करायचा नाही. मेलेल्यानं डोळे वळवून भिंगात बघायचं आणि हसायचं. ते हसू कॅमेऱ्यात पकडायचं, आणि मग एडिटिंगच्या टेबलावर कापून टाकायचं. मरणाचं सोंग अंगाला चिकटू नये म्हणून जुन्या लोकांनी घालून दिलेली ही रीत. ओव्हाळांच्या घरात अंगारा-दोरा कधी शिरला नव्हता, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि बाबासाहेबांची. तरी भीमराज मरून घरी आला की त्याची बायको द्रौपदी दार उघडतानाच विचारायची, "हसला ना?" तो म्हणायचा, "हसलो." मग ती बाजूला होऊन त्याला आत घ्यायची.

"मानत नाही ती काही," भीमराज सांगायचा. "पण विचारल्याशिवाय सोडत पण नाही."

'रक्तहौद' नावाचा एक भयपट आला होता. बंद पडलेल्या गिरणीच्या हौदात माणसं कापून टाकणाऱ्या खुन्याची गोष्ट. तो चालला, म्हणून दुसरा भाग निघाला. पहिल्या भागात भीमराज हौदातल्या अनेक मढ्यांमधलं एक होता. दुसऱ्यात त्याला चेहरा मिळाला. हौदाचं पाणी हळूहळू उतरतं, आधी कपाळ दिसतं, मग उघडे डोळे, मग गुडघ्यापासून तुटलेले पाय. एवढं मोठं काम त्याला आयुष्यात मिळालं नव्हतं. शुक्रवारी पिक्चर लागला तेव्हा त्याची मुलगी संघमित्रा हिनं ऑफिसातून सुट्टी घेतली आणि चौघांची तिकिटं काढली. चौथे बळवंतराव. ते नको नको म्हणत होते, पण द्रौपदीच म्हणाली, "चला हो भावोजी. ह्यांना एकदा मेलेलं तरी बघा."

घाटकोपरच्या थिएटरात सकाळचा खेळ होता. पडद्यावर पहिल्या पाच मिनिटांतच एवढं रक्त सांडलं की बळवंतरावांनी नजर पुढच्या खुर्चीच्या पाठीवर लावली. लहानपणापासून मासे साफ करत आलेला माणूस, पण हे त्यांना बघवेना. संघमित्रानं कोपर मारलं तेव्हा त्यांनी वर पाहिलं. हौदाचं पाणी उतरत होतं. भीमराजचा चेहरा निळसर, डोळे काचेसारखे. थिएटर गप्प झालं. आणि मग ते प्रेत डोळे वळवून सरळ प्रेक्षकांकडे बघून हसलं. भीतीचं हसू नव्हे, खुनशी नव्हे. दिवसभर राबून झाल्यावर माणूस आपल्या माणसाकडे बघून हसतो, तसं. क्षणभरच, आणि दृश्य बदललं.

मागच्या रांगेतली पोरं खो-खो हसत सुटली. "अरे, मढं हसलं ना यार!"

भीमराज अंधारात ताठ बसला होता. "कापलंच नाही," तो पुटपुटला. "दादा, कापायचं राहिलं."

द्रौपदीनं पदर तोंडाशी धरला होता. इतकी वर्षं जे हसू ती दारात विचारून घ्यायची, ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. मध्यंतरात दिवे लागले तेव्हा ती नवऱ्याकडे नुसती बघत राहिली. "असं हसता होय तुम्ही," ती म्हणाली. भीमराजचं तिच्याकडे लक्षच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परीक्षणं आली. बाकावर बसून बळवंतरावांनी ती पेपरातून वाचून दाखवली, आणि पेपरात नव्हती ती संघमित्रानं मोबाइलवर काढून दिली. एकानं लिहिलं होतं, रक्ताचे टँकर ओतलेत, भीती मात्र थेंबभर नाही. दुसऱ्यानं म्हटलं होतं, पहिल्या भागात अंधार घाबरवत होता, दुसऱ्यात फक्त रंग सांडलाय. ते भीमराजनं शांतपणे ऐकून घेतलं. तिसऱ्यापाशी बळवंतराव अडखळले.

"वाचा ना," भीमराज म्हणाला.

"राहू दे रे, काहीतरी लिहितात."

"दादा, वाचा."

त्यांनी वाचलं: "प्रेताचं काम करणाऱ्या कलाकारालाही हसू आवरत नाही, तिथं प्रेक्षकांनी का आवरावं?"

भीमराज समोरच्या रिक्षांकडे बघू लागला. "आवरत नाही," तो म्हणाला. "मला आवरत नाही म्हणे."

तेवढा तुकडा लोकांनी मोबाइलवर कापून एकमेकांना पाठवला, त्याला गाणी जोडली. भाजीवालाही ओव्हाळांना बघून डोळे फिरवून हसू लागला. त्याचं भीमराजला फारसं काही वाटलं नाही. पण काम मिळवून देणारा मिथुन फोनवर म्हणाला, "काका, तुमच्यामुळे पिक्चरची वाट लागली, वरचे लोक भडकलेत. आता थोडे दिवस घरी बसा." ते मात्र लागलं. निश्चल पडून राहणारा माणूस हीच त्याची सगळी ओळख होती, आणि तीच गेली होती.

एका सकाळी तो म्हणाला, "दादा, तुम्ही लिहा ना पेपरला. दोनच ओळी. म्हणावं, कट झाला होता, मग हसला. आधी नाही."

"मी?" बळवंतराव दचकले. "मला कुठं लिहिता येतं? संघमित्राला सांग."

"ती इंग्लिशमध्ये लिहील, भांडल्यासारखं. तुम्ही सरळ लिहाल."

बळवंतरावांनी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी जमलं ते घेऊन ते ओव्हाळांकडे गेले. भीमराजनं ते दोनदा वाचलं आणि खूश झाला. द्रौपदी तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मग कापायचं कुणाकडून राहिलं, ते विचारतील ना?"

"विचारू देत."

"एडिटिंगच्या टेबलावरची पोरगी असेल कुणीतरी. तुम्हीच सांगितलेलं, रात्री रात्री जागवतात म्हणून. तिची नोकरी जाईल."

भीमराजनं कागद घडी करून बळवंतरावांच्या खिशात परत घातला. "बरोबर आहे हिचं," तो म्हणाला, आणि चेहऱ्यावरून हात फिरवला. "राहू द्या, दादा. चांगलं लिहिलंय पण."

पुढच्या रविवारी उलटंच झालं. पुरवणीत एका ज्येष्ठ समीक्षकाचा मोठा लेख आला. साऱ्या फसलेल्या चित्रपटात एकच क्षण खरा आहे, असं त्यात होतं. मेलेला माणूस मारणाऱ्याकडे बघत नाही, हे सगळं मजेनं पाहणाऱ्या आपल्याकडे बघतो आणि क्षमा केल्यासारखा हसतो. एवढ्या रक्तामांसात तेवढंच माणसाचं होतं. मग इतरांनीही सूर बदलला. आणि दिग्दर्शकानं मुलाखतीत सांगितलं की ते हसू आपल्याला पटकथा लिहितानाच सुचलं होतं, कलाकाराकडून ते कसून बसवून घेतलं.

बळवंतरावांना हे वाचून दाखवताना संताप आला. त्यांना संताप सहसा येत नसे. "खोटारडा!" ते म्हणाले. "आता लिहितोच मी."

भीमराज मात्र समीक्षकाच्या ओळीपाशीच थांबला होता. "क्षमा केल्यासारखं?" तो म्हणाला. "मी तर चहा कधी मिळतोय ते बघत होतो." मग पेपर हातात घेत, "पण लिहिलंय चांगलं त्यांनी. हिला वाचून दाखवतो."

आठवडा उलटला नसेल, मिथुनचा फोन आला. काका, तिसरा भाग ठरला. तुम्ही पाहिजेतच. पोस्टरवर येणार तुम्ही! भीमराज अंधेरीला त्यांच्या ऑफिसात जाऊन आला. दुसऱ्या सकाळी तो बाकावर बसला तेव्हा बळवंतरावांना वाटलं, हा आता आनंदानं उड्या मारील. तो चपलेनं जमीन उकरत होता.

"काय म्हणाले?"

"हसायला सांगितलं. प्रत्येक मर्डरनंतर माझं मढं हसणार. शॉटमध्ये. कट व्हायच्या आधी."

"मग? तुझं नावच झालं की त्यावर."

"तिथं उभा करून ट्रायल घेतली. हसलो मी. चांगलं आलं म्हणाले सगळे. पण दादा, ते हसू मी कामात घातलं, तर कट झाल्यावर काय करू? आणि घरी गेल्यावर ही विचारणार, हसला ना? काय सांगू? हसलो, पण ते कामाचं?"

बळवंतरावांनी हातातल्या पेपरची घडी केली.

"नाही म्हणालो," भीमराज म्हणाला. "साधा मरायला बोलवा, येतो म्हटलं. निपचित पडतो, कधी पण सांगा. मिथुन म्हणाला, काका, मग कुणीच नाही बोलवणार आता तुम्हाला. म्हटलं, बरं."

"वहिनी काय म्हणाल्या?"

"काही नाही. दारात विचारलं रोजच्यासारखं. मी म्हटलं, आज मेलोच नाही. तर आत घेतलं."

तू केलंस ते योग्य केलंस, असं बळवंतरावांना म्हणायचं होतं. एवढं नाव चालून आलेलं, आणि ह्यानं ते दारातल्या एका प्रश्नापायी परत पाठवलं होतं. असलं काही त्यांनी स्वतः जन्मात केलं नव्हतं. शब्द ओठांपर्यंत आले. पण वयानं मोठे असलो म्हणून काय झालं, दुसऱ्याच्या निर्णयाला शाबासकी देणारे आपण कोण, असं त्यांना वाटलं आणि ते गप्प राहिले. उद्या सांगू, किंवा परवा.

मिथुन म्हणाला तसंच झालं. परत कुणी बोलावलं नाही. भीमराज बाकावर येत राहिला, पण बोलणं कमी झालं होतं, आणि मधल्या शांततेत बळवंतरावांना ते वाक्य म्हणायला जागाच जागा होती. तिसऱ्या भागाची जाहिरात आली, तिच्यात दुसरंच कुणीतरी हसत होतं. भीमराजनं ती पाहिली आणि "दात जास्त दाखवतो" एवढंच म्हणाला.

नंतर थोड्याच दिवसांनी, एका दुपारी जेवून आडवा झालेला असताना, त्याचं हृदय बंद पडलं. द्रौपदी हाक मारत राहिली. तिला आधी वाटलं, हे गंमत करतायत.

तो गेला त्याच दिवशी सकाळी बळवंतराव बाकावर होते, तेव्हा भीमराज पिशवी घेऊन गेटातून बाहेर निघाला होता. आज ते वाक्य म्हणून टाकावं, असं त्यांच्या मनात आलंही होतं.

"भीमराज, अरे थांब जरा."

"पाव आणायला चाललोय, दादा. तुम्हाला पाहिजेत?"

"चार आण. मऊ बघून आण."

"कालचे कडक होते?"

"होते थोडे. चहात बुडवून खाल्ले."

"मग आज दुसऱ्याकडून आणतो," भीमराज म्हणाला.